वऱ्हाडातल्या इंजिनांची तहान

१५ एप्रिल १९९४ ही तारीख वऱ्हाडात फारशी कुणाला आठवत नाही. पूर्वी मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी अरुंद रुळांवरची गाडी सगळ्या मुलखाला 'शकुंतला' या नावानं ठाऊक आहे. तिचं वाफेचं इंजिन त्या दिवशी कायमचं थांबलं आणि पुढे डिझेल इंजिन जोडलं गेलं. थांबलेलं इंजिन झेडडी वर्गातलं, १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं. १९२३ साली ते रुळांवर आलं आणि सत्तर वर्षांहून अधिक काळ कामावर राहिलं.

धूर गेला, कोळसा गेला, शिट्टीचा सूर बदलला. हे सगळ्यांना दिसलं. पाण्याचं काय झालं याकडे मात्र कमी जणांचं लक्ष गेलं. वाफेचं इंजिन वाटेत पाणी घेई, ते उकळी, त्या वाफेनं दट्ट्या ढकली आणि काम झालं की वाफ चिमणीवाटे आभाळात सोडून देई. नव्या इंजिनालाही पाणी लागतंच, पण ते त्याच्या पोटात आणि रेडिएटरमध्ये फिरत राहतं. सगळं धड असेल तर चालकाला फक्त पातळी बघावी लागते. पाणी खर्च करणारं यंत्र गेलं आणि तेच पाणी पुन्हापुन्हा वापरणारं यंत्र आलं. आज वाशिम जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक मोटारीच्या बॉनेटखाली हाच बदल बसलेला आहे. तो घडायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला.

ही गाडी आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याला का आली, तर कापसासाठी. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशानं १८८६ साली कारंज्याला नियमन असलेली कापूस बाजारपेठ सुरू झाली. भारतातली अशी पहिली बाजारपेठ म्हणून शेतमाल पणनाच्या पुस्तकांत कारंज्याचं नाव आजही पहिल्या पानांवर असतं. पुढे किलिक-निक्सन या कंपनीच्या छत्राखाली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि ७६२ मिलिमीटर रुंदीचे रूळ पडले. कापूस मूर्तिजापूरला जाई, तिथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजानं मँचेस्टरला. मँचेस्टरला कापूस नेण्याच्या कामी मँचेस्टरचंच इंजिन, असा तो साहेबी हिशोब होता.

त्या हिशोबात पाण्याचा भाव फारसा धरलेला नसावा. वाफेचं रेल्वे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी दहा टक्केसुद्धा कामाला लावत नाही; बाकीची धुरातून आणि वाफेतून निघून जाते. एक लिटर पाणी ४० अंशांवरून ९० अंशांवर न्यायला सुमारे २१० किलोज्यूल उष्णता लागते. तेच उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात. म्हणजे पाणी नुसतं तापवण्यापेक्षा उकळवून टाकलं तर दहापट उष्णता वाहून जाते, पण ते पाणी परत येत नाही. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पहिल्या मोटारी याच गणितावर चालल्या आणि याच गणितानं अडल्या.

वाफेच्या इंजिनात आग सिलिंडरबाहेर, भट्टीत असते. मोटारीच्या इंजिनात ती सिलिंडरच्या आतच पेटते. पेटल्या क्षणी आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जातं. ज्या ॲल्युमिनियमचे पिस्टन ओततात, ते शुद्ध असताना ६६० अंशांना वितळतं. तरीही पिस्टन टिकतो, कारण धडाका क्षणाचा असतो आणि भिंतीपलीकडे उष्णता उचलून नेणारं काहीतरी सतत वाहत असतं. इंधनातल्या एकूण उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या यंत्रणेच्या गळ्यात पडतो.

कार्ल बेंझनं २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे कारंज्याची कापूस बाजारपेठ आणि ही मोटार एकाच सालातल्या. बेंझनं उष्णतेचा प्रश्न सगळ्यात सोप्या रीतीनं सोडवला होता: सिलिंडरभोवती पाणी ठेवायचं, ते उकळू द्यायचं, संपलं की नवं ओतायचं. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून प्फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरहून जास्त अंतर होतं. इंधन तिनं वाटेतल्या एका औषधाच्या दुकानातून घेतलं, ही गोष्ट सगळे सांगतात. ठिकठिकाणी थांबून गाडीत पाणी भरावं लागलं, हे सांगताना मात्र घाई करतात. रस्त्यावर मोटार चालवणं म्हणजे पाण्याच्या ठिकाणांवर डोळा ठेवून चालणं, हे त्या बाईंना पहिल्याच लांब प्रवासात कळलं.

वऱ्हाडातल्या खेड्यांत हे तंत्र आलं ते मोटारीतून कमी आणि विहिरीवर बसवलेल्या इंजिनातून जास्त. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. त्यानंतरच्या दशकांत, विजेच्या तारा शिवारात पोहोचेपर्यंत, मोटेच्या जागी डिझेल इंजिन आलं. त्यातल्या पुष्कळ इंजिनांना रेडिएटर नसे आणि त्याची गरजही नसे. इंजिन विहिरीतून पाणी उपसतंय, तर त्याच पाण्यातली एक बारीक धार नळीनं इंजिनाच्या अंगातून फिरवायची आणि पलीकडे दांडात सोडायची. थंड करणारं पाणी कधी संपायचं नाही, कारण ते संपलं तर पंपाचंही काम थांबलेलं असायचं. इतकी सरळ आणि हुशार योजना मोटारीत पुढे कधीच जमली नाही.

पण तिच्यातही खोट होती आणि ती बऱ्याच जणांना पटत नसे. विहिरीचं पाणी पंचवीस-सत्तावीस अंशांचं असतं. धार मोठी सोडली तर इंजिन गरजेपेक्षा थंड राहतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर ज्वलनातली वाफ आणि इंधनातल्या गंधकापासून झालेलं आम्ल द्रवरूपात साचतं, तेल पुरेसं पातळ होत नाही, रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. जाणता मिस्त्री धार कमी करायला सांगे; मालकाला वाटे, जितकं गार तितकं बरं. इंजिन हात लावण्याइतकं गार असावं, ही समजूत पुढे ट्रॅक्टर आणि जीपवाल्यांनीही जपली.

पिठाच्या गिरणीतलं इंजिन वेगळ्या रीतीनं निवे. तिथे शेजारी पाण्याची टाकी किंवा बांधलेला हौद असे. इंजिनाच्या अंगातून निघालेली वरची नळी टाकीच्या वरच्या बाजूला जोडलेली आणि टाकीच्या तळातून निघालेली खालची नळी पुन्हा इंजिनात गेलेली. मध्ये पंप नाही, पट्टा नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, टाकीतलं गार पाणी जड असल्यानं खालून आत शिरतं आणि इंजिन चालू आहे तोवर हे चक्र फिरत राहतं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'त सुरुवातीच्या थोड्या गाड्यांना पाण्याचा पंप होता. लगेच तो काढून हीच नैसर्गिक फिरती ठेवली गेली आणि तिच्यावर लाखो गाड्या चालल्या. अट एकच. पाण्याची पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये. ती गेली की चक्र तुटतं, खाली पाणी असूनही इंजिन भाजतं. पीठवाल्याला भौतिकशास्त्र ठाऊक असो वा नसो, नळी उघडी पडली की काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक असे.

मोटारीत एवढी टाकी वाहून नेणं परवडणारं नव्हतं. तो गुंता सुटला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. विल्हेल्म मायबाखनं डायमलर कंपनीच्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी नवा रेडिएटर बनवला. ६ मिलिमीटर रुंद आणि तितक्याच उंच अशा ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना जोडून त्यानं एक जाळीदार पेटी तयार केली. नळ्यांमधून हवा जाई, त्यांच्या बाहेरच्या फटींतून पाणी वाहे आणि मागे बसवलेला पंखा हवा ओढून घेई. पाण्याची गरज निम्म्यावर, ९ लिटरवर आली. १९०१ च्या मार्चमध्ये ही गाडी फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत उतरली आणि मोटारीचं तोंड कसं दिसावं हे तिनं पुढच्या शंभर वर्षांसाठी ठरवून टाकलं.

त्याच घराण्याची यंत्रं अर्ध्या शतकानंतर पातूरच्या घाटात पोहोचली. १९५४ साली टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार केला आणि १९६९ पर्यंत जमशेदपूरचे ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझ या जोडनावानं, तोंडावर तीन टोकांची चांदणी घेऊन धावले. अकोल्याहून वाशिमला जायचं तर पातूर सोडल्यावर घाट लागतो, मग मेडशी, मालेगाव आणि वाशिम. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर आहे, वाशिम साडेपाचशेच्या आसपास. जुने लोक खालच्या पूर्णाकाठच्या सपाटीला पायनघाट आणि वरच्या पठाराला बालाघाट म्हणत. सह्याद्रीच्या मानानं हा घाट किरकोळ आहे. बोरघाटात फियाट आणि ॲम्बॅसेडर कशा वाफाळत उभ्या राहत, याच्या कहाण्या पुणे-मुंबईकरांकडे चिकार आहेत. त्यापुढे पातूरचं कौतुक कोण करणार? पण बोरघाटाला हवा तरी गार असते. पातूरला गाडी येते ती अकोल्याच्या उन्हात भाजून निघालेली.

उन्हाचा परिणाम नेमका किती, याचा हिशोब सोपा आहे. रेडिएटरमधून उष्णता बाहेर पडते ती पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. पाणी ९० अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५ अंशांचा. वैशाखात हवा ४३ अंशांवर गेली की फरक उरतो ४७ चा. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण त्याची ताकद चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. त्यात चढ म्हणजे खालचा गिअर: इंजिन जोरात फिरतंय, इंधन भरपूर जळतंय आणि गाडी मात्र ताशी वीस किलोमीटरनं सरकतेय. समोरून येणारा वारा जवळपास नाही. पाठीमागून वारा असेल तर आणखी वाईट. शिवाय वाशिमच्या उंचीवर मोकळं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. दोन अंश ऐकायला थोडे वाटतात; काटा लालाला टेकलेला असताना ते थोडे नसतात.

जुन्या जीपमध्ये किंवा काळी-पिवळीत या सगळ्याचा सामना करायला मोजकीच मंडळी होती. इंजिनाच्या पुढच्या अंगाला पाण्याचा पंप. आतलं चाक पाणी मधून घेऊन कडेला फेकतं आणि ते सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून वर हेडमध्ये ढकलतं. तिथून वरच्या रबरी होज पाइपानं पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पत्र्याच्या पाकळ्यांना उष्णता देतं आणि खालच्या पाइपानं पुन्हा पंपाकडे जातं. पुष्कळ गाड्यांत पंप आणि पंखा एकाच दांड्यावर असत, दोघांना फिरवणारा पट्टाही एकच. म्हणून फॅन बेल्ट तुटला की एका झटक्यात पाणी थांबे, हवाही थांबे. सीटखाली एक जादा बेल्ट ठेवणारा ड्रायव्हर शहाणा समजला जाई. पंखा रेडिएटरपासून किती दूर आहे आणि त्याच्याभोवतीचं पत्र्याचं कडं जाग्यावर आहे का, यावरही पुष्कळ ठरे. अपघातानंतर ते कडं अनेकदा परत बसवलंच जात नसे. मग पंखा इंजिनाजवळची तापलेली हवाच पुन्हापुन्हा घुसळत राही आणि गाडी 'उगाच गरम होते' अशी तक्रार सुरू होई.

या मंडळीत सगळ्यात जास्त अन्याय झाला तो थर्मोस्टॅटवर. हेडच्या तोंडाशी बसलेला हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन थंड असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे पाणी इंजिनातच फिरून लवकर तापतं. सुमारे ८२ ते ८८ अंशांना तो उघडू लागतो. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळताना फुगतं आणि दांडी ढकलतं. मेणाची ही युक्ती १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने यानं अमेरिकेत पक्की केली. वऱ्हाडातल्या आणि एकूण भारतातल्याच अनेक गॅरेजांत गाडी गरम होते म्हटलं की पहिला उपाय ठरलेला: थर्मोस्टॅट काढून फेका. विहिरीवरच्या इंजिनाची समजूत इथे मोटारीत शिरली. गाडी काही दिवस गार राही, ॲव्हरेज घटे, इंजिन झिजे आणि ते कुणी थर्मोस्टॅटच्या खात्यावर लिहीत नसे. काही इंजिनांत तर हा व्हॉल्व्ह उघडताना आतली आडवाट बंदही करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, पुष्कळ पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परततं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. थंड करणाऱ्या यंत्रणेचं खरं काम इंजिन ठरल्या तापमानावर धरून ठेवण्याचं आहे, हे थर्मोस्टॅट सांगत होता. ऐकणारे कमी निघाले.

उरलं ते रेडिएटरचं झाकण. दिसायला साधं, पण त्यात स्प्रिंग बसवलेली असते आणि ती पाण्यावर दाब धरून ठेवते. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे. वातावरणाच्या वर आणखी एक बार दाब धरला तर साधं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे पातूरच्या घाटात वीस-बावीस अंशांची उसंत मिळाली. मात्र तापलेल्या गाडीचं झाकण कुणी घाईनं फिरवलं, तर दाब क्षणात उतरतो आणि १२० अंशांवरचं पाणी ९८ अंशांच्या नियमाखाली येतं. अशा १० लिटर पाण्यातलं जेमतेम चारशे ग्रॅम पाणी एकदम वाफ होतं, पण त्या वाफेला सहा-सातशे लिटर जागा हवी असते. ती जागा ती उघडणाऱ्याच्या हातातोंडावरून शोधते.

म्हणून घाटात गाडी थांबवण्याचा एक रिवाज पडला. बाजूला घ्यायची, इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ हळू चालू ठेवायचं, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतात. मग बऱ्याच वेळानं पोत्याचा ओला तुकडा झाकणावर टाकून ते थोडंसं फिरवायचं, फुस्स होऊ द्यायचं, पुन्हा थांबायचं. पाणी ओतायचं ते इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं. तापलेल्या लोखंडावर घडाभर गार पाणी एकदम पडलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं किंवा ब्लॉकला तडा जातो. हे सगळं क्लीनर शिकायचा. ड्रायव्हर होण्याआधीचा तो अभ्यासक्रमच होता. पाण्याचा डबा ही क्लीनरची जबाबदारी आणि तो रिकामा सापडला तर शिव्याही त्याच्याच.

चैत्रात या अभ्यासाची परीक्षा होई. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं तीर्थ. रामनवमीला तिथे महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून माणसं येतात. ऊन चढलेलं, गाडीत माणसं कोंबलेली, टपावर सामान. थांबत-थांबत सरकणाऱ्या गर्दीत पंख्यावर चालणारा रेडिएटर किती टिकतो, हे बघायला याहून कठीण जागा शोधावी लागेल.

डब्यातलं पाणी कुठलं, हा वेगळाच प्रश्न. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलाय. शकुंतला जिथून सुटे ते मूर्तिजापूर त्याच पट्ट्यातलं. वर वाशिमकडे काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणीही बऱ्याच ठिकाणी जड लागतं. असं पाणी तापलं की क्षार भांड्याला धरतात. वाफेच्या इंजिनांचे बॉयलर म्हणूनच ठरावीक काळानं रिकामे करून धुवावे लागत. मोटारीत तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या पोकळ्यांत बसतो. क्षारांतून उष्णता धातूच्या मानानं फारच कमी जाते, त्यामुळे पाणी भरपूर, पंप चांगला, तरी गाडी गरम. मग गाडी रेडिएटरवाल्याकडे जाई. तो वरची टाकी डाक सोडवून उघडी, नळ्यांमधून पातळ पट्ट्या घालून थर खरवडी, परत डाक देई आणि सगळा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देई. बुडबुडा निघाला तिथे गळती. तांबं-पितळेचा रेडिएटर असा अनेकदा जन्म घेत असे.

यावरचा रासायनिक उपाय जुनाच आहे. शार्ल-अदोल्फ वुर्त्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं एथिलीन ग्लायकॉल एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तयार केलं आणि १९२० च्या दशकात ते अमेरिकेत मोटारींत पडू लागलं, ते थंडीसाठी. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलं की द्रव उणे ३५ अंशांच्या खालीच गोठतो. वाशिमला याचा उपयोग शून्य, म्हणून कूलंट हे थंड मुलखाचं खूळ आहे असं इथे कित्येक वर्षं मानलं गेलं. एका अर्थी त्यात तथ्य होतं: उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलच्या मिश्रणापेक्षा सरसच आहे. पण मिश्रणाचा उत्कलनबिंदू वर जातो आणि मुख्य म्हणजे त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी ब्लॉक आणि पितळी रेडिएटर एकाच पाण्यात बुडाले की ते एकमेकांना खातात. कूलंट ते थांबवतं. फक्त त्यात मिसळायचं पाणीही क्षारविरहित हवं. महागडं कूलंट बोअरच्या पाण्यात कालवलं तर पैसे वाया जातात.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू डॉक्टर-वकिलांच्या दारांतून तालुक्याच्या गावीही पोहोचली. तिचा पंखा विजेवर चाले, पाणी तापलं की आपोआप सुरू होई आणि गार झालं की थांबे. रेडिएटरशेजारी प्लास्टिकची बाटली आली. पाणी तापून फुगलं की जादा पाणी बाटलीत जातं, इंजिन निवलं की तिथून परत ओढून घेतलं जातं. रेडिएटर ॲल्युमिनियमचे झाले आणि टाक्या प्लास्टिकच्या. वजन घटलं, किंमत घटली आणि डाक देणाऱ्याचं कामही घटलं, कारण ही जात दुरुस्त होत नाही, बदलली जाते. बंद चक्र आता पूर्ण झालं होतं. शकुंतलेला डिझेल इंजिन लागलं तेव्हा मोटारींच्या दुनियेत हे जुनं व्हायला आलं होतं आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोवर पाण्याचा डबा बाळगणाऱ्या गाड्या म्हणजे मागच्या पिढीच्या गाड्या झाल्या होत्या.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा समृद्धी महामार्ग खुला झाला. ५ जून २०२५ पासून तो पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू आहे. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून तो जातो. इथे घाटाची कसोटी नाही, वेगाची आहे. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेलं की हवा कापायला लागणारी ताकद दीडपट होत नाही, जवळजवळ ३.४ पट होते. रेडिएटरवर येणारा वारा मात्र दीडपटच वाढतो. त्यातच एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसलेला, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. नव्या गाड्या हे सगळं सोसायला बनवलेल्या असतात, पण त्यांत एक गोष्ट काढून टाकलेली असते. अनेक गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो. निळा दिवा आणि लाल दिवा, बस. पातूरच्या घाटातला ड्रायव्हर काटा चढताना बघून दोन वळणं आधी थांबे. लाल दिवा लागतो तेव्हा ती दोन वळणं मागे पडलेली असतात. सोय वाढली, पण चालवणाऱ्याकडून लक्ष काढून घेतलं, हा सौदा सगळाच फायद्याचा झाला असं म्हणवत नाही.

वीजगाड्यांनी हा विषय संपेल असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. १ जून २०२२ रोजी एसटीची 'शिवाई' ही विजेवरची बस पुण्याहून नगरला धावली. आजच्या बहुतेक मोठ्या वीजगाड्यांत बॅटरीभोवती द्रव फिरतो, त्याला पंप असतो आणि पुढे रेडिएटरही. बॅटरीलाही ठरल्या तापमानातच राहायचं असतं. फक्त तिथली मर्यादा पाणी उकळण्याच्या कितीतरी खाली आहे, त्यामुळे ४३ अंशांची हवा तिला इंजिनापेक्षा जास्त जाचते.

तेव्हा वैशाखात समृद्धीवर गाडी घालणाऱ्यांनी निघण्याआधी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी बघावी; झाकणाला हात लावण्याची गरज नाही. वाटेत लाल दिवा लागला तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा, कारण हीटर हा आतल्या बाजूचा छोटा रेडिएटरच असतो, आणि जमेल तितक्या लवकर बाजूला थांबावं. आणि ज्यांच्या गाडीत अजून काटा आहे त्यांनी एवढं जाणून असावं: पाणी पुरतं गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापत्या इंजिनाचा काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो.